दलाल नक्की कोणाचा?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. मी त्याला एक शेपूट जोडते. घर पाहावं विकूनही! बांधताना निदान हाती काही लागतं. विकताना एक शब्द वावगा गेला की हातचं जातं, आणि गेलेलं कळतही नाही.

२०२३ सालची गोष्ट. माझ्या मोठ्या वन्सं तेव्हा नाशिकला राहत होत्या. यजमान गेल्यावर एकटीने राहणं जड जाऊ लागलं, म्हणून राहता फ्लॅट विकून बदलापूरला लेकीजवळ लहानशी जागा घ्यायची असं ठरलं. मी चार दिवस सोबतीला गेले होते. कोपऱ्यावरच्या वाण्याने एका दलालाचं नाव सुचवलं. माणूस आला तो थेट वन्संच्या पाया पडला. ‘मावशी, तुम्ही आता काळजीच सोडा,’ म्हणाला. मी कांदेपोहे केले, चहा झाला. बोलता बोलता त्याने विचारलं, ‘मावशी, हातात किती पडले म्हणजे तुमचं समाधान?’ वन्सं म्हणाल्या, ‘छत्तीस लाख सांगा. पण बत्तीस आले तरी मी अडून बसणार नाही.’ आणि मी शहाणी! वर पुस्ती जोडली, ‘दिवाळीच्या आत झालं तर बरं. पुढे लेकीचं बाळंतपण आहे.’

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. नवल असं की, जो येई तो एकतीस नाहीतर साडेएकतीसनेच सुरुवात करी. शेवटी बत्तिसाला व्यवहार ठरला. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नंबर लागायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. घेणाऱ्यांची बायको मोकळ्या स्वभावाची. ती म्हणाली, ‘आमची तर पस्तिसाची तयारी होती हो काकू. पण एजंटच म्हणाला, बाईंना दिवाळीच्या आत मोकळं व्हायचंय, बत्तिसाच्या वर जाऊ नका. आमच्याकडूनही त्याने एक टक्का ठरवलाय ना!’

वन्सं तिथे काही बोलल्या नाहीत. सही केली, अंगठ्याचा ठसा दिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘वहिनी, मी त्याला घरचा समजून सांगितलं हो.’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. ‘दिवाळीच्या आत’ हे शब्द माझ्याच तोंडून गेले होते ना!

आपले तीन लाख, त्याचे सहा हजार

असं त्याने का केलं असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल घेऊन हिशेबाला बसले. दोन्ही बाजूंचा एक-एक टक्का धरला तर बत्तीस लाखांवर त्याची दलाली ६४ हजार. पस्तिसाला व्यवहार झाला असता तर ७० हजार. म्हणजे आमचे तीन लाख गेले, त्याचे मात्र फक्त सहा हजार. तेवढ्यासाठी तो आणखी दोन महिने गिऱ्हाइकं हिंडवीत बसेल का? त्याला भाव वाढण्यापेक्षा व्यवहार लवकर उरकण्यात गोडी. तो दुष्ट होता असं नव्हे. तो दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होता आणि आम्हाला एकच दिसत होता.

लग्न जुळवणारे मध्यस्थ आठवा. ते मुलीकडचेही लाडू खातात आणि मुलाकडचेही. म्हणून तर मुलीची आई त्यांच्यासमोर ‘आम्ही हुंड्याला तयार आहोत’ असं बोलत नसे! मग घराच्या दलालापुढे आपण एवढ्या मोकळ्या का होतो?

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे भारतीय करार कायदा हा १८७२ सालचा आहे आणि दलालाला तो आजही लागू पडतो. आपल्या वतीने दुसऱ्याशी व्यवहार करायला आपण ज्याला नेमतो, तो आपला एजंट. कायद्याच्या मराठीत अभिकर्ता. एकदा तो आपला झाला की त्याच्यावर काही बंधनं येतात. आपण सांगू त्याप्रमाणे काम करायचं. कामात कसूर करायची नाही. मागू तेव्हा हिशेब द्यायचा. आपल्या नकळत स्वतःच त्या व्यवहारात उतरून नफा मारला, तर तो नफा मागायचा हक्क आपल्याला आहे. आणि ज्या कामात त्याने गैरवर्तन केलं, त्या कामाचा मेहनताना त्याला मागता येत नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा हं. आपण नेमलेल्या दलालाचा शब्द आपल्यालाही चिकटतो. ‘पावसात भिंतीला ओल येत नाही’ असं त्याने आपल्या वतीने गिऱ्हाइकाला ठोकून दिलं आणि भिंत पाझरली, तर ‘मी कुठे म्हटलं होतं?’ असं म्हणून सुटता येत नाही. म्हणून घरातले दोष त्याला खरे खरे सांगावे आणि तो लोकांना काय सांगतो तेही विचारावं.

‘मग वन्संनी दलाली का दिली?’ असं तुम्ही विचाराल. अहो, कागद कुठे होता? तो आमचा दलाल होता हे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. ‘मी दोघांचा मध्यस्थ’ म्हणून तो मोकळा झाला. दोन्हीकडून दलाली घेण्याचा प्रघात आपल्याकडे जुनाच आहे. दोघांना आधी सांगून, दोघांच्या संमतीने घेतली तर तक्रार नाही. तक्रार आहे ती लपवण्याची.

नव्या इमारतीत तो बहुधा बिल्डरचा

नवीन इमारतीत फ्लॅट बघायला गेलं की दलाल म्हणतो, ‘ताई, तुमच्याकडून आम्हाला एक पैसा नको.’ ऐकायला गोड वाटतं. पण एक पैसा नको म्हणणाऱ्याचं पोट कोणीतरी भरत असेलच ना? त्याची दलाली बिल्डर देतो, म्हणजे तो बिल्डरचा. त्याने दाखवावं ते बघावं, पण ‘याहून चांगला भाव मिळणारच नाही’ हे त्याचं वाक्य सल्ला म्हणून घेऊ नये.

इथे मात्र २०१६ चा रेरा कायदा मदतीला येतो. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. त्याचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. दोन्ही मागून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर मुलीकडून नाहीतर मुलाकडून ताडून बघा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही पाठ करून ठेवा. जुना फ्लॅट एकाकडून दुसऱ्याने घ्यायचा असेल तिथे मात्र मुख्य आधार त्या दीडशे वर्षांच्या जुन्या करार कायद्याचा आणि आपल्या हातातल्या कागदाचाच.

चहा टाकण्याआधी

१) दलाल दारात आला की पहिला प्रश्न हाच: ‘तुम्ही कोणाचे? आमचे, समोरच्यांचे की दोघांचे?’ लाजायचं कारण नाही. प्रामाणिक माणूस सरळ उत्तर देतो.

२) दोघांचा असेल तर त्याच्याशी सभ्यपणे बोलावं, पण तीन गोष्टी पोटात ठेवाव्या: आपला शेवटचा आकडा, आपली घाई आणि घरची अडचण. घेणाऱ्या असाल तर बँकेने किती कर्ज मंजूर केलं, तेही.

३) ‘तुम्हाला अमुक इतके मिळतील, वरचं माझं,’ असं म्हणाला तर सरळ नाही म्हणा. वरचं किती ते आपल्याला कधीच कळत नाही. घेणाऱ्याने किती दिले ते आपल्याला कळलंच पाहिजे.

४) दलाली किती आणि कधी, ते आधी ठरवा. पुन्हा विकल्या जाणाऱ्या घराला एक ते दोन टक्के आणि भाड्याच्या घराला साधारण एक महिन्याचं भाडं असा रिवाज दिसतो, पण तो रिवाज आहे, घासाघीस करता येते. अर्धी साठेखताला आणि अर्धी खरेदीखताला, असं ठरवलं तर दलालही शेवटपर्यंत लक्ष घालतो.

५) इसाराचे पैसे दलालाच्या हाती देऊ नका. मालकाच्या खात्यावर चेकने किंवा बँकेतून भरा आणि इसार पावतीवर मालकाची सही घ्या. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने मनाई आहे.

६) ‘माझ्याशिवाय दुसऱ्या दलालाला सांगायचं नाही’ अशी अट त्याने घातली तर मुदत लिहून घ्या. दोन-तीन महिने पुष्कळ झाले.

आणि हो, आपणही सरळ वागावं. दलालाने ऊन्हातान्हात हिंडून दाखवलेलं घर मागच्या दाराने मालकाला गाठून घ्यायचं आणि त्याची दलाली बुडवायची, हे काही बरं नव्हे. त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

चिठ्ठीचा नमुना

वकिलाकडे जायला जमलं तर उत्तमच. नाही तर निदान एवढं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या आणि एक-एक प्रत ठेवावी:

‘श्री. अमुक यांना आमचा अमुक पत्त्यावरचा फ्लॅट विकण्यासाठी आमच्या वतीने दलाल म्हणून नेमले आहे. मुदत अमुक तारखेपर्यंत. दलाली प्रत्यक्ष विक्री किमतीच्या अमुक टक्के. निम्मी साठेखताच्या दिवशी, निम्मी खरेदीखताच्या दिवशी. घेणाऱ्याकडून दलाली घेणार असल्यास ते आम्हास आधी लेखी कळवावे. आलेला प्रत्येक देकार आम्हास जसाच्या तसा सांगावा. आमची किमतीची मर्यादा व खाजगी अडचण कोणास सांगू नये.’

हा कागद पुढे केला की निम्मे दलाल चुळबुळतात. जो शांतपणे वाचून सही करतो, तो ठेवून घ्यावा.

वन्संनी पुढे बदलापूरला जागा बघितली. तिथला दलाल आला तेव्हा बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘तुम्ही कोणाचे हो?’ तो जरा चपापला, मग हसून म्हणाला, ‘खरं सांगू आजी? मालकांचा.’ ‘बरं झालं सांगितलंत,’ वन्सं म्हणाल्या, आणि पुढे जागेशिवाय दुसरं अक्षर बोलल्या नाहीत. ‘किती बजेट आहे?’ असं त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: ‘आधी जागा तर बघू या.’

त्या दिवशीही पोहे मीच केले होते. पण या खेपेला तोंड खायलाच उघडलं.