चार चाकांचं माप एकच हवं



गाडीचे टायर बदलायची वेळ आली की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं. "चार कशाला, सध्या दोनच घेऊ. उरलेले दिवाळीनंतर बघू." साध्या मोटारीच्या बाबतीत या विचारात फारसं वावगं नाही. पण ज्यांच्याकडे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, म्हणजे 'फोर बाय फोर' गाडी आहे, त्यांनी ही काटकसर करण्यापूर्वी जरा थांबावं.

विषय निघाला तो कोकणातल्या एका वाचक भगिनीच्या पत्रावरून. त्यांच्या घरी थार आहे, टायर १६ इंची रिमचे, २४५/७५ मापाचे. मागचे दोन पार झिजले आहेत. ओळखीतले एक गृहस्थ १८ इंची रिमचे, २५५/६५ मापाचे दोन टायर रिमसकट स्वस्तात द्यायला तयार आहेत. यजमानांचं म्हणणं, "तेही थारचेच आहेत, मग काय बिघडलं?" पावसाळ्यात बागेकडच्या चढावर त्यांना फोर व्हील टाकावंच लागतं, आणि गाडीत मुलं नि सासूबाई असतात. म्हणून बाईंच्या मनात शंका आली. "हे म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं? ताई, तुम्हीच सांगा, घ्यावेत का?"

उत्तर आधीच सांगून टाकते. दोनच घेऊ नयेत. का, ते आपण आपल्या भाषेत समजून घेऊ.

धुतलेल्या चादरीचा पीळ

जाड चादर पिळायला दोघी जणी लागतात. एक टोक तुमच्या हातात, दुसरं जाऊबाईंच्या. दोघींनी एकाच दिशेने, एकाच वेगाने हात फिरवले तर चादर नुसतीच फिरेल, पीळ पडणार नाही. पण तुमचे हात जरा जास्त फिरले की पीळ पडू लागतो, आणि फिरवत राहिलात तर वाढतच जातो.

थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत गिअरबॉक्सजवळ ट्रान्स्फर केस नावाची पेटी असते. तिच्यातून एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो, एक मागच्या. लहान दांडी 'टू एच'वर असली की जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. म्हणजे चादरीचं एक टोक मोकळं, पीळ पडायचा प्रश्नच नाही. 'फोर एच' किंवा 'फोर एल'वर टाकली की दोन्ही दांडे एकमेकांना बांधले जातात आणि त्यांना सारख्याच वेगाने फिरावं लागतं.

आता चाकं लहानमोठी असली तर काय होईल? तेवढंच अंतर कापायला लहान चाकाला जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात. चाकं म्हणतात आम्ही वेगवेगळं फिरणार, दांडे म्हणतात सारखंच फिरा! या ओढाताणीत सगळा पीळ गिअर, बेअरिंग आणि दांड्यांच्या सांध्यांवर येतो.

पाचवीतलं गणित

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं असतं. २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १६ इंच हा रिमचा व्यास. या हिशेबाने त्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. २५५/६५ आर १८ चा येतो ७८९. फरक केवळ दीड सेंटिमीटर! पण एका फेरीत मोठं चाक सुमारे ४७ मिलिमीटर पुढे जातं. एका किलोमीटरला लहान चाकाच्या सुमारे ४११ फेऱ्या होतात, मोठ्याच्या ४०४. दर किलोमीटरला सात-आठ फेऱ्यांचा पीळ!

चिखलात किंवा सुट्या मातीत चाकं थोडी घसरतात आणि पीळ आपोआप सुटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ जाणार कुठे? एरवी 'टू एच'वर गाडी छान चालते, म्हणूनच तर फसगत होते. ज्या दिवशी फोर व्हीलची खरी गरज पडते, त्याच दिवशी हे दुखणं वर येतं.

एक लक्षात ठेवा. चारही टायर अगदी सारखे असले, तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर या गाड्या 'फोर एच'वर चालवायच्या नसतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वळण घेतात, त्यानेही पीळ पडतो. बागेची लाल वाट संपून डांबर लागलं की 'टू एच'. शेजारच्या सीटवरून आठवण करून द्यायला काहीच हरकत नाही!

ही लक्षणं ओळखा

वळताना स्टिअरिंग जड लागणं, गाडी कुणी मागून धरल्यासारखी अडखळणं, खालून कट्कट् आवाज येणं, आणि लहान दांडी 'फोर एच'मधून निघता न निघणं, ही पीळ पडल्याची लक्षणं. दांडीशी झटापट करू नये. जागा मोकळी बघून गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. बहुधा पीळ सुटतो नि दांडीही सुटते.

काही गाड्यांना ही दांडी नसते. ग्रँड व्हिटारा किंवा एक्सयूव्ही ७०० यांच्या 'ऑल व्हील ड्राइव्ह' प्रकारात गाडी आपली आपणच जोर वाटते. एक चाक वेगळ्या वेगाने फिरलं की गाडीला वाटतं ते घसरतंय, आणि दुसरीकडे जोर पाठवणारा क्लच कामाला लागतो. चाकंच लहानमोठी असली तर त्या बिचाऱ्याला विसावा नाही. तो तापतो आणि झिजतो. शिवाय डॅशबोर्डवर ब्रेकचे दिवे लागू शकतात ते वेगळंच.

माप सारखं, तरीही फरक

आता तुम्ही म्हणाल, आमच्या चारही टायरांवर एकच आकडा आहे. पण झीज? नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. झिजून १.६ वर आली की टायर बदलायलाच हवा. म्हणजे एकाच मापाच्या नव्या आणि पार झिजलेल्या टायरच्या घेरात ४० मिलिमीटरचा फरक पडतो. वरच्या उदाहरणातल्या ४७च्या किती जवळ, बघा!

घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. चारही टायरांत पुस्तिकेत दिलेली हवा भरा. गाडी सपाट जागी ठेवा आणि ब्रेकवर पाय ठेवून जाणत्या माणसाला आत बसवा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. चाकाची एक पूर्ण फेरी होईल इतकीच गाडी सरळ पुढे ढकला आणि टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा. शिवणाची टेप अपुरी पडेल, म्हणून सुतळीने अंतर घेऊन मग मोजा. चारही चाकांची मापं वहीत लिहा.

खरेदीला जाताना

१. चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे, एका नक्षीचे घ्यावेत. माप ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत मिळतं.

२. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर टायरांची अदलाबदल करून घ्यावी. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही फिरवावी. सगळे सारखे झिजले तर खर्च एकदाच येतो, आणि त्यासाठी दरमहा थोडे बाजूला टाकता येतात.

३. वेगळ्या मापाची स्टेपनी लावावी लागली तर गाडी 'टू एच'वरच ठेवून पंक्चरवाल्याकडे न्यावी.

४. जुने टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला मी म्हणेन, ते १८ इंची टायर घ्यायचेच असतील तर स्टेपनीसह पाचही मिळतात का ते बघा, आणि आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा. नाहीतर आपल्या मापाचेच घ्या. स्वस्तात मिळालेल्या दोन टायरांपायी ट्रान्स्फर केस उघडावी लागली तर वाचलेले पैसे कुठल्या कुठे जातील. आणि पावसात, चढावर, मुलंबाळं आत असताना गाडी अडखळली तर त्याची किंमत कुठल्या वहीत लिहायची?

यजमानांशी वाद घालू नका. सुतळी नि खडू घ्या, मापं त्यांनाच घ्यायला लावा. आकडे समोर आले की गाडीतलं कुणाला किती कळतं, हा प्रश्नच उरत नाही!