टिळक मिशनचे आश्रित नव्हते



मिशनऱ्यांनी विलायती चर्च जसेच्या तसे महाराष्ट्रात आणून बसवले, हे गेल्या अंकातील लेखाचे म्हणणे एकांगी आहे.

अमेरिकन मराठी मिशन 1813मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याच्या मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन स्वावलंबी, स्वयंशासित स्थानिक मंडळ्यांचा (चर्चचा) आग्रह धरत. 1854-55च्या भारतभेटीत त्यांनी इंग्रजी शाळांपेक्षा मातृभाषा आणि देशी पाळकांवर भर दिला. तरीही तिजोरीच्या किल्ल्या बराच काळ मिशनकडेच राहिल्या, एवढे लेखकाचे खरे.

मात्र ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना मिशनचे आश्रित ठरवणे साफ चूक आहे. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे मानाने जागा होती.

भजन-कीर्तन ही निव्वळ प्रचाराची युक्ती, हा आरोपही टिकत नाही. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे टिळकांच्या आधीपासून ख्रिस्ती कीर्तने करत. मिशनरी परतले, पण टिळकांची पदे मराठी मंडळ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गातात.

ही दुरुस्ती पुढील अंकात ठळकपणे छापावी.

– एक वाचक, सातारा