जाहिरात नसलेल्या नोकऱ्या, ओळख नसलेले तरुण

पूर्व दिल्लीतील मयूर विहारमध्ये मी राहतो. पत्रकार, प्राध्यापक, सरकारी अधिकारी यांच्या गृहनिर्माण संस्थांची ही वस्ती. रस्त्यापलीकडे त्रिलोकपुरी ही आणीबाणीच्या काळात वसवलेली पुनर्वसन वसाहत आहे. पदवीधर दोन्हीकडे आहेत आणि नोएडाला नेणारी मेट्रोही दोघांची एकच. मयूर विहार फेज-१ स्थानकापासून नोएडा सेक्टर १६ अवघे चौथे स्थानक. तरीही तिथल्या एखाद्या कार्यालयात जागा रिकामी होणार, ही बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी येते आणि त्रिलोकपुरीत बहुधा पोहोचतच नाही. जागेची जाहिरात झालेली नसते, तिची वाच्यता झालेली असते.

नोकरी शोधणाऱ्यांना म्हणूनच ‘नेटवर्किंग करा’ असा सल्ला दिला जातो, आणि तो चुकीचा नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळाल्याचे आढळले. ती ओळखही जिवलग मित्रांची क्वचितच होती. बहुतेकदा ती अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांची होती. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक तेवढेच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या परिचयातून येते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांनीही २०२२मध्ये याच दिशेचा निष्कर्ष दिला. तेव्हा उमेदवाराने कंपन्यांची संकेतस्थळे थेट पाहावीत, जुन्या सहाध्यायांना गाठावे, ‘नोकरी द्या’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्याकडे कामाचे स्वरूप काय’ असे विचारावे, हे सारे उपयुक्तच आहे.

प्रश्न असा की, एका व्यक्तीसाठी शहाणपणाचा असलेला हा सल्ला समाजाची रोजगारव्यवस्था ठरू शकतो काय? महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती होती. कोकणातून वा घाटावरून आलेल्या माणसाला गाववाल्याच्या, जातभाईच्या शब्दावर बदली कामगार म्हणून प्रवेश मिळे. त्या साखळीने हजारो कुटुंबे जगवली, पण तिने त्यांना बांधूनही ठेवले. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांतील मुलांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध केला. नव्या अर्थव्यवस्थेत इंग्रजीचे मोल वाढल्यावरही कामगार जातींतील मुलगे मराठी माध्यमात राहिले, कारण त्यांच्यासाठी श्रमाच्या कामाची जातीय साखळी तयार होती. अशी साखळी नसलेल्या मुली मात्र इंग्रजीकडे वेगाने वळल्या. ओळखीचे जाळे जिथवर पसरलेले असते, तिथवरच ते माणसाला नेते.

जाहिरात दिली की न्याय झाला, असेही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ६६ आठवडे वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना समान पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लीम नावाला एक-तृतीयांश ठरली. अर्ज उघडपणे स्वीकारले जातात तिथे ही अवस्था असेल, तर अर्जाला जागाच नसते तिथे काय होत असेल? जाहिरातीतला भेदभाव निदान मोजता येतो; न दिलेल्या जाहिरातीतला मोजण्याचीही सोय नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी शब्द टाकला तर आपण त्याला वशिला म्हणतो, आणि स्वतःच्या मुलासाठी टाकला तर नेटवर्किंग.

कायद्याला हा प्रश्न पूर्वीच दिसला होता. १९५९च्या कायद्याने २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळवणे बंधनकारक केले. पहिल्या उल्लंघनाला दंड मात्र जास्तीत जास्त ५०० रुपये. सरकारी भरतीत केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर विसंबू नये, जाहिरातही द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये सांगितले. २०१५मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा हे पोर्टल आले. सामाजिक सुरक्षा संहितेने आता सेवायोजन कार्यालयाच्या जागी ‘करिअर सेंटर’ आणले आहे. जागा कळवण्याचे बंधन तिथेही आहे. कळवलेल्या जागेवर त्यामार्फतच माणूस नेमण्याचे नाही.

तसे बंधन घालावे, असे मी म्हणणार नाही. एका जागेसाठी हजारो अर्ज येतात, तेव्हा ओळखीच्या माणसाची शिफारस मालकाला वेळ आणि खात्री देते. छोट्या कारखानदाराला तर दुसरा मार्गही नसतो. परंतु मोठ्या कंपन्यांकडून दोन गोष्टींची अपेक्षा रास्त आहे. शिफारशीने भरायची जागाही किमान काही दिवस संकेतस्थळावर आणि सरकारी पोर्टलवर खुली ठेवावी. आणि वर्षभरातील नेमणुकांपैकी किती शिफारशीने झाल्या, तो आकडा वार्षिक अहवालात द्यावा. सेबीच्या नियमांनुसार सर्वांत मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्या कर्मचाऱ्यांविषयी बरीच माहिती आजही जाहीर करतात; त्यात ही एक ओळ जड नाही. महाविद्यालयांनीही, ज्यांच्या घरात पहिली पदवी आली आहे अशा विद्यार्थ्यांची गाठ माजी विद्यार्थ्यांशी घालून देणे, हे आपले काम मानावे.

ओळखी नाहीशा करता येत नाहीत, तशी गरजही नाही. रिकाम्या जागेची बातमी मात्र कुणाच्या घरची मालमत्ता राहू नये. त्रिलोकपुरीतल्या पदवीधराची निवड होईल की नाही, हे त्याच्या गुणांवर ठरू द्यावे. त्यासाठी ती जागा आहे, हे त्याला आधी कळले पाहिजे.