नकाराची किंमत

विवाहाला अर्थशास्त्राची फूटपट्टी लावण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९७३-७४ मध्ये केला. एकटे राहण्यापेक्षा एकत्र राहण्यात दोघांनाही लाभ दिसला, तरच लग्न होते. ज्याची बाहेरची मिळकत जास्त त्याने कमवावे, दुसऱ्याने घर सांभाळावे, हे त्यांच्या मांडणीचे सार. बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले. वाद मात्र मिटला नाही.

पहिला आक्षेप भावनेचा आहे: प्रेमात हिशेब आणणे हाच प्रेमाचा अपमान. तो टिकत नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या तुळशीबागेत घासाघीस करून रुखवताची खरेदी होते, त्याच्या कितीतरी आधी घरात याद्या झालेल्या असतात. कार्यालयाचा खर्च कोणाकडे, मानपानाच्या साड्या किती, सोने कोणी किती घालायचे, हे कलमवार लिहून कागदाला हळदकुंकू लावतात आणि वडीलधारे सह्या करतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. ‘आमची काही मागणी नाही, तुमच्या हौसेने काय ते करा’ हे वाक्य त्याला पुरून उरले. हिशेब आहेच. तो बोलायचा नाही असे ठरले, की तोटा पडत्या बाजूचा होतो.

दुसरे मत याच्या उलट: लग्न हा बाजारच आहे, पगार, उंची, वर्ण आणि स्वतःचा फ्लॅट यांवरून स्थळाचा भाव ठरतो, आणि दोन्ही पक्ष राजी असले की सौदा रास्त. हेही मान्य होण्यासारखे नाही. देहविक्रयाच्या वस्तीमुळे बुधवार पेठेचे नाव देशभर माहीत आहे. तिथेही दर ठरतो, पैसे हातोहात मिळतात. पण कर्ज, फसवणूक किंवा उपासमार यांनी जिला तिथे आणले, तिच्या होकाराला राजीखुशी म्हणता येत नाही. किंमत ठरली म्हणजे संमती मिळाली, हे समीकरण इथेच कोसळते. लग्नात ते आपोआप खरे कसे ठरेल?

बेकर यांच्या श्रमविभागणीतही हीच उणीव आहे. बाईची मिळकत कमी म्हणून तिने घर पाहावे, हे गणित बरोबर येते; मिळकत कमी का, हे त्यात विचारलेले नसते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, ती याच पेठेतल्या भिडे वाड्यात. जी विषमता बेकर गृहीत धरतात, तिच्या मुळाशी त्या शाळेने हात घातला होता.

म्हणून अर्थशास्त्र टाकून द्यायचे नाही, त्याचा प्रश्न बदलायचा. कोणाचा भाव किती, यापेक्षा नकार कोणाला किती महाग पडतो, हे मोजायला हवे. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा मांडला: कुटुंबात सहकार्य असते तसा संघर्षही असतो, आणि फारकत झाल्यास ज्याचे हाल जास्त, त्याच्या वाट्याला एकत्र असतानाही कमी येते. पुण्यात ही जाण जुनी आहे. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीविना झाला. फुल्यांनी रचलेल्या विवाहविधीत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. इथे अटी आहेत, पण बोली लागत नाही.

शिक्षण, स्वतःची कमाई आणि मालमत्ता यांनी नकार स्वस्त होतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच’ हा हिशेब त्या वेळी भाऊ बिनचूक सांगतो. त्याला उत्तर द्यायलाही हिशेबच लागतो.