'हॅपी डेज' नेमके कुणाचे?

'एकदम खरा सिनेमा आहे हो!' असे कुणी म्हणाले की मी लगेच विचारते, कुणाच्या बाबतीत खरा? घरातली मंडळी या सवयीला वैतागली आहेत. पण गेल्या काही वर्षांत एका सिनेमाबद्दल आमच्याच गोतावळ्यात इतकी वेगवेगळी मते ऐकली, की हा प्रश्न सोडवत नाही. सिनेमा तेलुगू, गाव हैदराबाद, आणि मते मात्र आपल्याच मराठी-कानडी माणसांची.

शेखर कम्मुला यांचा 'हॅपी डेज' २ ऑक्टोबर २००७ ला आला. बिदर, भालकी, हुमनाबादकडच्या वाचकांना हैदराबाद काही परके नाही. १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि आता इंजिनिअरिंग, सगळ्याला आपल्याला तेच शहर जवळ. त्यामुळे इंजिनिअरिंग कॉलेजात नुकतीच पाऊल टाकणारी सतरा-अठरा वर्षांची आठ मुलेमुली आणि त्यांची चार वर्षे ही गोष्ट इकडेही पुष्कळांनी पाहिली. भाषा अर्धी कळली तरी अडले नाही.

कम्मुला हे स्वतः हैदराबादच्या सीबीआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले. नंतर अमेरिकेत शिकले, नोकरी केली, सिनेमाचे शिक्षणही तिथेच घेतले. परत येऊन २००० साली 'डॉलर ड्रीम्स' हा छोटा सिनेमा केला. अमेरिकेला जावे की इथेच राहावे, या घोळात सापडलेल्या हैदराबादी तरुणांचा. त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये त्यांचा 'आनंद' चिरंजीवीच्या 'शंकर दादा एमबीबीएस'च्या दिवशीच लागला आणि तरी चालला! 'हॅपी डेज' त्यांनी स्वतःच्याच संस्थेतर्फे काढला. बहुतेक पोरे नवखी, शूटिंग गंडीपेटच्या खऱ्याखुऱ्या कॉलेजांच्या आवारात. हवेत उडणारे गुंड नाहीत, परदेशातली गाणी नाहीत, पोरे बोलतात ती रोजची इंग्रजी मिसळलेली तेलुगू.

आमच्या वैनी त्या वेळी हैदराबादलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. मैत्रिणींबरोबर चार वेळा पाहिला, असे त्या अजून अभिमानाने सांगतात. 'आमचं कँटीन, आमची बस, आमचे रुसवेफुगवे, सगळं तसंच!' हे त्यांचे मत. काचीगुड्याला राहणाऱ्या आमच्या आत्याचे मत अगदी उलट. आत्या विवेकवर्धिनीत शिकलेली, म्हणजे हैदराबादेत मराठी टिकवणाऱ्या, १९०७ साली सुरू झालेल्या शाळेतली. तिने सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि एका वाक्यात निकाल लावला, 'चार वर्षांत एकानंही पुस्तक धरलेलं मला दिसलं नाही, आणि म्हणे इंजिनिअर झाले!' आमच्या शेजारच्या कानडी काकू म्हणाल्या, 'छलो अद, पण आमचा किरिक पार्टी त्याहून छलो.' 'हॅपी डेज'चाच कानडी अवतार 'जॉली डेज' २००९ मध्ये आला होता, पण तो काकूंच्या खिजगणतीत नाही. गंमत पाहा, 'किरिक पार्टी' २०१८ मध्ये तेलुगूत गेला तेव्हा नायक झाला तो निखिल, म्हणजे 'हॅपी डेज'मधला राजेश! आपली भाषांची देवाणघेवाण सिनेमावाल्यांनीही चालू ठेवली आहे म्हणायची.

मला स्वतःला सिनेमा आवडतो. टायसनला सीनियर मुलगी आवडते, तो भाग तर किती हलक्या हाताने केलेला. पोरांची मैत्री कशी जमते, अप्पूसारख्या मुलग्याच्या थाटात वावरणाऱ्या मुलीला आत काय वाटत असेल, हे दाखवायला नजर लागते.

पण एक मत मी बरीच वर्षे ऐकलेच नव्हते, कारण ज्याचे होते तो बोलतच नव्हता. वैनींचा धाकटा भाऊ. २००७ मध्ये तो पहिल्या वर्षाला गेला, दुसऱ्या एका कॉलेजात. सिनेमाची सुरुवात सीनियर्सच्या रॅगिंगची आहे. थिएटरात त्यावर हशा पिकतो. पुढे तेच सीनियर आणि ज्युनियर एकमेकांत मिसळतात, म्हणजे 'झालं गेलं, मजा होती' असा सगळा सूर. हा सिनेमा घरात लागला की भाऊ या भागाला उठून चहा टाकायला जायचा. सगळे म्हणायचे, किती कामसू पोर!

२०२४ च्या एप्रिलमध्ये सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला. आमची पुतणी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. वैनींनी ठरवले, आपण पाहिला तसा लेकीने मोठ्या पडद्यावर पाहायचा. हैदराबादला जाऊन आम्ही सगळे गेलो, तोही आला. थिएटरात चहा टाकायची सोय नसते, तेव्हा तो नुसताच बाहेर जाऊन उभा राहिला. रात्री काचीगुड्याला जेवताना पुतणीने सरळ विचारले, 'मामा, तू बाहेर का गेलास?' आणि तो बोलला. त्याची तेलुगू कच्ची, म्हणून हॉस्टेलात रोज रात्री त्याला उभे करून भाषण करायला लावत. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. सीनियर्सचे कपडे धुवायचे, पहाटे दोनला उठून पाणी आणायचे. तीन महिन्यांनी तो हॉस्टेल सोडून आत्याकडे राहायला आला आणि घरी सांगितले की मेसचे जेवण मानवत नाही. वैनी त्याच शहरात होत्या, त्यांनाही माहीत नव्हते. त्यांचा घास हातातच राहिला. तो इतकेच म्हणाला, 'सिनेमा खोटा नाही, आक्का. त्यात मी नाही, एवढंच.'

एवढे नेमके परीक्षण मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेले नाही. आंध्र प्रदेशात रॅगिंगविरोधी कायदा १९९७ सालीच झाला होता, आपल्या महाराष्ट्रात १९९९ मध्ये. म्हणजे सिनेमा आला तेव्हा कायद्याला दहा वर्षे झाली होती. युजीसीचे कडक नियम २००९ चे. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक दोघांकडूनही लेखी हमी घेतात. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइनही तेव्हाचीच, फोन फुकट आहे. नंबर मुद्दाम देते, फ्रिजवर चिकटवून ठेवा. दिग्दर्शकाने रॅगिंगची जाहिरात केली असे मी म्हणणार नाही. त्याने हसणाऱ्यांची आठवण पडद्यावर आणली. हसू न आलेल्यांची आठवण अजून कुणी आणायची आहे.

पुतणीचे मत आणखी वेगळे निघाले. तिला ना कँटीन दिसले ना प्रेम. ती म्हणाली, 'ही कॉलेजात पोचलेल्यांची गोष्ट आहे. पोचायच्या आधीची कुठंय?' आत्याच्या गल्लीतली तिची मैत्रीण त्या वेळी इंटरच्या एका निवासी कॉलेजात होती. घरी फोन फक्त रविवारी, तोही वेळ लावून. दिलसुखनगर, अमीरपेटकडून जाताना रँक आलेल्या मुलांच्या फोटोंचे फलक आपण सगळेच पाहतो. फलकावर जे नाहीत त्यांचे काय, हे कुणी विचारत नाही. तेलंगणात २०१९ च्या एप्रिलमध्ये इंटरचा निकाल लागला. त्यात गुणांचे घोळ निघाले, आणि त्या दिवसांत वीसहून अधिक मुलामुलींनी जीव दिला. सोळा-सतरा वर्षांची पोरे! हैदराबादच्या पोरांचे खरे 'टीनएज' या दोन वर्षांत जाते. 'हॅपी डेज' सुरू होतो तो ती दोन वर्षे पार केलेल्यांपासून.

मराठीत सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांनी २००२ मध्ये 'दहावी फ' केला, तो मला इथे आठवतो. त्यात हुशारांच्या नव्हे, मागे टाकलेल्या तुकडीची गोष्ट आहे. मोडतोड करून बसलेली मुले नुकसानीचे पैसे स्वतः कमवून भरायला निघतात आणि त्यांच्या मागे उभा राहतो एक मास्तर, अतुल कुलकर्णी. तो पाहताना शेवटच्या बाकावरची मुले आपली वाटतात. असा एखादा हैदराबादच्या इंटरच्या हॉस्टेलावर निघाला तर मी आत्यालाही हाताला धरून नेईन.

हे सगळे नुसते सिनेमाच्या गप्पांवर भागले नाही, कारण पुतणीला अकरावीला हैदराबादच्या निवासी कॉलेजात घालायचे घरात जवळजवळ ठरले होते. वैनींच्या डोळ्यांपुढे स्वतःचे हॅपी डेज होते, त्यात वावगे काही नाही. पण त्या जेवणानंतर पैसे भरायचे थांबले. पुढच्या आठवड्यात वैनी आणि भाऊ दोघे मिळून तीन हॉस्टेले पाहून आले. विचारायचे प्रश्न भावाने लिहून दिले होते: पोरीने रात्री फोन मागितला तर कोण देतो? आजारी पडली तर वर्गातून उठू देतात का? चाचणीचे गुण भिंतीवर लावता की पोरीच्या हातात देता? एका ठिकाणी वॉर्डनबाईंनी शांतपणे बसवून उत्तरे दिली. दुसऱ्या दोन ठिकाणी आधी फीचा कागद पुढे आला.

शेवटी पोरगी निवासी कॉलेजात गेली नाही. आत्याकडे राहून साध्या डे कॉलेजात जाऊ लागली. आत्याची तक्रार आता अशी, की पोरगी सारखी पुस्तकात, सिनेमाला चल म्हटले तर येत नाही.