हरणाऱ्याचा खुराक

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरला की पंचांना दोन माणसे हटकून लागतात. एक हलगीवाला आणि दुसरा बऱ्या अक्षराचा. पहिला पैसे घेऊन येतो, दुसरा फुकट मिळतो. संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या एका गावी यंदा चैत्रात हे दुसरे मानाचे पद मजकडे आले. इनामाची वही मांडीवर घेऊन मी दिवसभर आखाड्याच्या कडेला बसलो आणि घरी परतलो तो एक न सुटलेला हिशेब घेऊन. दिवाळीत वह्यांची पूजा होते, तेव्हा तो हिशेब आजच मांडलेला बरा.

हगाम्याची रीत पुष्कळांना ठाऊक असेल. आरंभी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग 50, 100, 500 अशी चढती इनामे आणि ऊन उतरल्यावर शेवटची मोठी कुस्ती. जिंकेल त्याला इनाम, बरोबरीत सुटली तर निम्मे निम्मे, पडेल त्याला काही नाही. माझ्या वहीत तीनच रकाने होते : मल्लाचे नाव, गाव, रक्कम. पडलेल्याचे नाव लिहायला जागाच नव्हती.

500 च्या एका कुस्तीत अकोल्याकडचा एक पोरगा पडला. चांगली दहा मिनिटे झुंजला आणि मग ढाकेवर चितपट झाला. खांदा धरून, सदरा कसाबसा चढवून तो मजपाशी आला व हळूच म्हणाला, "गुरुजी, येष्टीचं भाडं तरी मिळंल का?"

मी पंचांकडे पाहिले. "पडलेल्याला द्यायची रीत नाही," पंच म्हणाले. मी खिशातली शंभराची नोट काढून पुढे केली, तर त्याने हात मागे घेतला.

"तुमचं नको, गुरुजी. म्या कुस्ती केलीय. वहीतलं असंल तर द्या."

वहीतले नव्हते. तो तसाच गेला.

घरी ही हकीकत सांगितली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दुधाच्या खात्यावरून हिशेब केला. पोरगा रोज दोन लिटर दूध पीत असणार. 60 रुपये भाव धरला तरी महिन्याचे 3,600 झाले. तूप, बदाम, तालमीचा खर्च निराळाच. "आणि हरला म्हणून दूधवाला पैसे सोडतो का?" त्यांनी विचारले. ह्या प्रश्नाला पंचांपाशीही उत्तर नसावे.

ही रीत आजची नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला जायचे, तर वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, बैलगाड्यांची भली मोठी मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर पदकविजेत्याने काय केले? कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले!

बरे, जिंकणाऱ्याचे तरी नेहमी भागते काय? 2022 साली साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झालेल्या पृथ्वीराज पाटलांनी, गदा मिळाली पण रोख बक्षीस नाही, अशी खंत बोलून दाखविली होती. पुढच्याच स्पर्धेत, 2023 च्या जानेवारीत पुण्याला, विजेत्यास मोटार व 5 लाख रुपये मिळाले आणि उपविजेत्यास ट्रॅक्टर. म्हणजे शिखरावर हरणाऱ्याचाही मान राहू शकतो. पायथ्याशी मात्र येष्टीचे भाडे नाही.

तिकडे अमेरिकेत कुस्ती, मुष्टियुद्ध सारे एकत्र करून लढतात, त्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये करार बहुधा असा असतो : आखाड्यात उतरल्याबद्दल अमुक, आणि जिंकल्यास आणखी तेवढेच. तेही अपुरे आहे, आमची मिळकत दाबून ठेवली जाते, असे म्हणत तिथल्या मल्लांनी 2014 साली यूएफसी ह्या बड्या कंपनीवर दावा लावला. अखेर तडजोड झाली ती 37 कोटी 50 लाख डॉलरांची, आणि 2025 साली न्यायालयाने तिला मंजुरी दिली. एवढ्या रकमेने आपले डोळे दिपायला नकोत. 'उतरल्याबद्दल' हा एक शब्द उचलला तरी पुरे.

दसऱ्यानंतर मी पंचांपुढे हीच गोष्ट काढली. शेवटच्या कुस्तीच्या इनामातून थोडे काढून प्रत्येक पडलेल्याला भाडे व खुराकापुरते द्यावे, असे सुचविले. एक वडीलधारे म्हणाले, "गुरुजी, हरून पैसे मिळायला लागले तर पोरे नुरा कुस्ती करतील." शंका खोटी नव्हती. पण खोटी कुस्ती ओळखून मल्लांना आखाड्याबाहेर काढणे हे पंचांचे कामच आहे, आणि ते त्यांना उत्तम जमते. शिवाय मला माझेच आठवले. तीस वर्षे शाळेत गणित शिकविले. वर्गातली निम्मी मुले नापास झाली त्या वर्षीही माझा पगार एक तारखेला झाला होता. मी ते बोलूनही दाखविले. पंच हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

पुढल्या जत्रेसाठी नवी वही आणली आहे. परवा रात्री पट्टी घेऊन तीत चौथा रकाना आखला. सौभाग्यवती म्हणाल्या, "पाडव्याला हीच वही पूजेत ठेवा."

ठेवीन. रकाना भरतो की कोरा राहतो, ते चैत्रात कळेल.