गोळीपेक्षा गुपित घातक

रात्री अचानक छातीत कळ येते. घरचे धावपळ करतात, कपाटातली सॉर्बिट्रेटची गोळी शोधून रुग्णाच्या जिभेखाली ठेवतात. हृदयरोगी असलेल्या अनेक घरांना हा प्रसंग परका नाही. पण त्याच संध्याकाळी रुग्णाने कोणालाही न सांगता ‘व्हायग्रा’ म्हणून ओळखले जाणारे सिल्डेनाफिल घेतलेले असेल, तर जीव वाचवण्यासाठी दिलेली गोळीच जिवावर बेतू शकते. रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि आधीच रक्ताला आसुसलेल्या हृदयाला होणारा पुरवठा आणखी घटतो.

याचे कारण दोन्ही औषधांच्या कामात आहे. शरीरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो. हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या निरोपामुळे पेशींत ‘सीजीएमपी’ हे रसायन वाढते आणि रक्तवाहिनी रुंदावते. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे या रसायनाची निर्मिती वाढवतात, तर सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ते मोडू देत नाहीत. नळ पूर्ण सोडायचा आणि मोरीला बोळा कोंबायचा, असा हा प्रकार. म्हणूनच नायट्रेट औषधे घेणाऱ्यांनी या गोळ्या घ्यायच्याच नसतात. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट टाळावे लागते. या काळात छातीत दुखू लागले, तर सॉर्बिट्रेट न घेता थेट रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी कधी घेतली हे सर्वांत आधी सांगावे.

याचा अर्थ ही औषधे वाईट आहेत असा नव्हे. तपासणी करून, योग्य मात्रेत घेतल्यास ती बहुतेकांसाठी सुरक्षित आहेत. सिल्डेनाफिल साधारणपणे तासभर आधी, २४ तासांत एकदाच घ्यायचे असते. नेहमीची सुरुवात ५० मिलिग्रॅमने होते. पासष्टी ओलांडलेल्यांना किंवा यकृत-मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना बहुधा २५ पासून सुरुवात करतात. प्रोस्टेटसाठीचे टॅम्सुलोसिन, बुरशीवरील इट्राकोनॅझोल अशा औषधांसोबत विशेष काळजी लागते. जास्त मद्यपानही घातक ठरते. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, जळजळ हे त्रास नेहमीचे. पण ताठरता चार तासांहून अधिक टिकली, अचानक दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, तर सकाळची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

हे सारे सांगायला डॉक्टर हवा. पण तिथेच तर अडते. सिल्डेनाफिल आपल्याकडे ‘शेड्यूल एच’मधील औषध आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. प्रत्यक्षात ते काउंटरवर हळूच मागितले जाते आणि तितक्याच हळूच पुडीत बांधून दिले जाते. ज्याला तेवढेही धाडस होत नाही, तो रेल्वेलगतच्या भिंतींवर जाहिरात करणाऱ्या ‘गुप्तरोग’वाल्यांकडे किंवा ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ चूर्णाकडे वळतो. अशा ‘नैसर्गिक’ उत्पादनांत छुपे सिल्डेनाफिल मिसळलेले आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. आपण नेमके काय आणि किती घेतले, हे अशा रुग्णाला स्वतःलाही ठाऊक नसते.

लपवाछपवीची आणखी एक किंमत आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात. त्यामुळे धमन्यांत चरबीचे थर साचू लागले, की त्याचा परिणाम अनेकदा तिथे आधी दिसतो. ताठरतेची तक्रार ही काही वर्षांनी येऊ शकणाऱ्या हृदयविकाराची पूर्वसूचना ठरू शकते. तिच्यामागे मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, नैराश्य किंवा चालू असलेले एखादे औषधही असू शकते. परस्पर गोळी घेणारा माणूस घंटा बंद करतो, पण आग तशीच राहते.

यावर उपाय महागडा नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टरांनी झोप-भूक विचारावी तितक्या सहजतेने हाही प्रश्न विचारावा. उत्तर देण्याइतका एकांत त्याला द्यावा. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीचा आग्रह धरावा आणि ‘सॉर्बिट्रेट चालू आहे का’ एवढे तरी विचारावेच. अन्न व औषध प्रशासनाने चूर्ण-वटींचे नमुने नियमित तपासावेत. आणि पुरुषांनी ही तक्रार म्हणजे मर्दानगीवरचा डाग, हा समज सोडावा. गुडघा दुखतो हे जसे सांगता येते, तसे हेही सांगता आले पाहिजे. निदान जोडीदाराला तरी या गोळीची माहिती असावी. ऐन वेळी डॉक्टरांना खरी हकिगत सांगायला रुग्ण शुद्धीवर असेलच असे नाही.